व्रणाची तारीख

सेक्टर २०, चंदीगड
१२ डिसेंबर १९७६, रविवार

विनू,

वर आशीर्वाद लिहावेत की नाही, यात दहा मिनिटं गेली. तू आता मुंबईचा मोठा सर्जन, आणि ऑक्टोबरात सख्ख्या भावाच्या दारातून चहासुद्धा न घेता गेलास. तेव्हा आशीर्वाद तुझ्या वहिनीचे लिहितो. ते तरी तू परत पाठवणार नाहीस.

ती दवाखान्यात आहे. घाबरू नकोस. म्हणजे घाबर, पण बसून वाच.

गेल्या रविवारी, पाच तारखेला सकाळी, तिला एकाएकी धाप लागली. ओठ काळेनिळे. वर्कशॉपचा टेम्पो दारात होता, त्यात दुरुस्तीच्या दोन विजेच्या मोटारी होत्या, त्यांच्या मधे गादी टाकून तिला घातली आणि वीस मिनिटांत दवाखान्यात पोचवली. डॉक्टर सोढी म्हणून आहेत, पागोटं नीटनेटकं, बोलणं त्याहून. त्यांनी ईसीजीची पट्टी काढली आणि म्हणाले, "पोतदारजी, हार्ट अटॅक है, और छोटा नहीं है. दर्द कब शुरू हुआ?"

मी म्हणालो, "आज सुबह."

"अच्छा किया, फ़ौरन ले आए."

फ़ौरन आणलं, हे तुला मुद्दाम कळवतोय.

आता बरी आहे. उठायचं नाही, बसायचं नाही, केस विंचरायलाही नर्स. तुला माहीत आहे, ही बाई कराडहून इथं आली तेव्हा या शहरात रस्ते होते आणि घरं नव्हती, आणि तीन विटांच्या चुलीवर रांधून तिनं तुला शाळेत पाठवलं. तिला झोपून राहायला सांगणं म्हणजे शिक्षाच. शेजारच्या खाटेवर एक सरदारीण आहे. तिला ती "आई गं" म्हणायला शिकवते आहे. म्हणते, "हाय रब्बा"नं दुखणं बाहेर पडत नाही.

आपली आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. तेव्हापासून तुझ्या डोक्याला तेल कुणी लावलं ते मी सांगायला नको. तिला दोन ओळी लिही. मला नकोत.

— दिगंबर


२७ डिसेंबर १९७६

विनू,

कांचनचं पत्र पोचलं. बायकोही डॉक्टर असली की घरचं पत्र केसपेपरसारखं येतं: "ह्यांना सवड नाही, ईसीजी व एक्सरेची प्रत पाठवावी." पण त्यात तुझ्या हातच्या दोन ओळी वहिनीला होत्या. तिनं त्या मला दाखवल्या नाहीत. उशीखाली ठेवल्यात आणि मी गेलो की उशी सारखी करते.

ईसीजी आणि एक्सरे सोबत आहेत. त्यात काय आहे ते तुला कळेल. मला सोढींनी कागदावर काढून दाखवलं, ते माझ्या शब्दांत लिहितो, चुकलं तर हस.

रक्त न पोचल्यामुळे हृदयाचा जो तुकडा मेला तो पुन्हा जिवंत होत नाही. त्या जागी व्रण धरतो. व्रण म्हणजे नुसतं कातडं, त्याला आवळता येत नाही. लहान असता तर बाकीच्या हृदयानं त्याचं काम ओढून नेलं असतं. हिचा मोठा आहे, आणि ताणला गेलाय. हृदय आवळतं तेव्हा तो भाग उलट बाहेर फुगतो, जुन्या सायकलच्या ट्यूबला फुगा येतो तसा. जे रक्त अंगात जायचं ते त्या फुग्यात जाऊन परत येतं. म्हणून धाप. चार उशा लावून बसल्या बसल्या झोपते. पायांवर सूज, बोट दाबलं की खळगा राहतो.

काल मला म्हणाली, "अहो, माझ्या हृदयाला चट्टा पडलाय म्हणे. तेलानं भाजल्यावर पडतो तसा?"

"तसाच."

"मग भाजलं तेव्हाच लेप लावायला हवा होता काहीतरी."

मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर काही नव्हतं.

आता मुद्दा. सोढी म्हणतात, गोळ्यांनी पाणी उतरेल, फुगा जाणार नाही. मुंबईत हा फुगा कापून काढून हृदय शिवतात, आणि ज्या टेबलाशी शिवतात तिथे तू उभा असतोस. "आप के तो भाई हैं, पोतदारजी, चिट्ठी लिखिए." मी त्यांच्यासमोर असा हसलो की जणू तू मला रोज लिहितोस.

विनू, मी कुणापुढे हात पसरला नाही, हे तू माझ्या तोंडून इतक्यांदा ऐकलंस की तुला त्याचा वीट आला. आता पसरतोय. तिला घे.

— दादा


९ जानेवारी १९७७

विनू,

तुझं पत्र. पाकिटावर माझं नाव तुझ्या अक्षरात, तीन महिन्यांत पहिल्यांदा. उघडण्याआधी हात धुतले.

तू लिहितोस, झटक्यानंतर तीन महिने होईपर्यंत सुरी लावत नाहीत. तोवर व्रण ओल्या पुठ्ठ्यासारखा असतो, सुई ओढली की फाटतो, टाका धरत नाही. पुरता चिवट झाला की मगच. पाच डिसेंबरपासून तीन महिने म्हणजे पाच मार्च. "त्याआधी आणू नये, जीव टेबलावर जाईल."

मला पटतं. तारांच्या गुंडाळीवरचं वार्निश ओलं असताना मी कुणाची मोटर कधी चालू करून दिली नाही, डेराबस्सीचे कारखानेवाले दारात गाडी लावून बसले तरी. वाळायला लागतो तेवढा वेळ लागतो.

पण विनू, मार्चपर्यंत ती नाही रे राहणार. सोढींनी मला व्हरांड्यात बोलावलं. मी त्यांच्या बुटांवरून ओळखलं, माणूस वाईट बोलणार असला की वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकतो. म्हणाले, "महीना, शायद उस से थोड़ा ज़्यादा. होली मुश्किल है."

आणि आणखी एक म्हणाले. पहिल्या दिवशीच्या रक्तात ताज्या झटक्याची खूण हवी तेवढी सापडली नव्हती. पट्टीवरची रेघ वर चढलेली होती म्हणून त्यांनी ताजा धरला, पण महिना झाला तरी रेघ खाली उतरेना, आणि असा फुगा इतक्या लवकर धरत नाही. "पोतदारजी, पक्का पाँच दिसंबर?"

"पक्का," मी म्हणालो.

आता तिच्या खाटेशी बसून, पुटपुटत बोटं मोजत, मी विचार करतोय की माणसाच्या हातून तारखेत चूक होऊ शकते. नोव्हेंबरात, वीसएक तारखेला, तिला एकदा छातीत भरून आलं होतं असं आता आठवतं. तेव्हा काही वाटलं नव्हतं. तिथून धरलं तर वीस फेब्रुवारी होते. किंवा दहा नोव्हेंबर असेल. दहा धरलं तर जमेल का? तू सांग कुठली तारीख धरली की चालेल.

— दादा


१४ जानेवारी १९७७

विनू,

तुझी तार मिळाली. "तारीख धरू नका. खरी कळवा."

आज संक्रांत. रागिणीताई वॉर्डात तिळगूळ घेऊन आल्या. तुला आठवत असतील, एअरफोर्सवाल्यांच्या पत्नी, खूप हसतात त्या. आज हसल्या नाहीत. वहिनीनं तिळगूळ हातात घेतला आणि तोंडापर्यंत नेता नेता दमली. मग सरदारणीला दिला आणि म्हणाली, "मीठा बोलो." सरदारीण रडायलाच लागली.

तारीख कळवतो. उद्या कळवतो. आज टपालाची वेळ झाली.

— दिगंबर


१६ जानेवारी १९७७, रविवार

विनू,

सतरा ऑक्टोबर.

ट्रंक कॉल लावणार होतो. लावला नाही. फोनवर मी खोटं फार चांगलं बोलतो, निम्मा धंदा त्यावर उभा आहे. कागदावर बोलताना आपलंच अक्षर आपल्याकडे बघतं.

सतरा ऑक्टोबर, दिवाळीआधीचा रविवार. तू होतास. इथल्या मराठी मंडळातल्या बायका आमच्या मागल्या अंगणात फराळाला जमल्या होत्या. दर तीन वर्षांनी बदली होणाऱ्या पोरी, कुणाची आई पुण्याला, कुणाची नागपूरला, अनारसे बिघडले की रडतात. म्हणून सगळ्यांचे अनारसे तुझ्या वहिनीच्या कढईत. तू डॉक्टरांच्या परिषदेला आला होतास आणि न कळवता दारात उभा राहिलास. मला किती आनंद झाला होता, ते तुला कधी कळलं नाही, कारण मी लगेच म्हणालो, "या डॉक्टरसाहेब, पेशंट मिळेना वाटतं मुंबईत."

तू यायच्या थोडं आधीपासून ती म्हणत होती पाठीत दुखतंय, खांद्याच्या दोन्ही फऱ्यांच्या मधे, आणि डावा हात जड झालाय. मी म्हणालो गॅस. सोड्याची बाटली फोडून दिली. तू आलास, तिच्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "वहिनी, ऊठ तिथून. दादा, हिचा ईसीजी काढायला हवा, आत्ता." वीस बायकांसमोर. माझ्या अंगणात. मला वाटलं, हा आला आणि पाच मिनिटांत घराचा मालक झाला.

पुढचं तुझ्यासमोर घडलं, पण सगळं तुला माहीत नाही.

मी आतून लांब स्क्रूड्रायव्हर आणला. मोटर दुरुस्तीला आली की त्याचं टोक बेअरिंगवर टेकवतो, मूठ कानाला लावतो, आणि न उघडता सांगतो आत काय झिजलंय. चंदीगड ते अंबाला माझ्या या कानाला मान आहे. ते टोक मी तिच्या पाठीवर टेकवलं. बायका हसायला लागल्या. रागिणीताई म्हणाल्या, "दिगंबरभाऊ, वाइंडिंग जळलंय का बघा!" मी मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "बेअरिंग एकदम नवं! दुसरा घाणा टाका." सगळे हसले. ती पण हसली, कपाळावरचा घाम पुसत.

तू म्हणालास, "दादा, हे माणूस आहे, मोटर नाही." मी म्हणालो, "तुला माणसं तपासायला शिकवलं ते याच मोटारींनी." तू बॅग उचललीस.

आता न माहीत असलेलं. विनू, मला ऐकू आलं होतं.

पोलादाची सळई आवाज नेते. दोन ठोक्यांच्या मागे एक तिसरा ठोका होता. मऊ, ओढत आलेला, घोडा लंगडत चालला की ऐकू येतो तसा. मोटारीत असं ऐकलं असतं तर मी त्याच क्षणी खटका बंद केला असता. मला कळलं की काहीतरी बरोबर नाही. आणि सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या, तू समोर उभा होतास, आणि "विनू बरोबर बोलतोय" हे तीन शब्द माझ्या तोंडातून निघेनात. म्हणून मी "एकदम नवं" म्हणालो.

ती त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कढईपुढे होती. मग दिवाळी. घराची झाडलोट, पितळी भांडी, पाण्याच्या बादल्या. जिन्यात थांबायला लागली, मी म्हणायचो वय झालं. सोढी सांगतात, व्रण धरत असतो त्या सहा आठवड्यांत माणसाला हलू द्यायचं नसतं, हललं की ताणतो. ते सहा आठवडे तिनं माझ्या घरात पाणी भरलं. फुगा झटक्यानं आला नाही, मी आणला.

पाच डिसेंबरला सोढींनी विचारलं, दर्द कब शुरू हुआ. खरं सांगितलं असतं तर ते कधीतरी तुझ्या कानावर गेलं असतं. एवढ्यासाठी "आज सुबह" म्हणालो. मग तू लिहिलंस तीन महिने थांबा, आणि मी रोज बसून पाहत राहिलो, ती माझ्या खोट्या तारखेपासून दिवस काढतेय.

सतरा ऑक्टोबरपासून मोज. उद्या तीन महिने पुरे होतात. व्रण पिकलाय, विनू. टाका धरेल. तिला बोलाव. मला काय म्हणायचं ते नंतर म्हण, जन्मभर म्हण. आधी तिला बोलाव.

उद्या सकाळी सोढींच्या खोलीत जाऊन हेच सांगणार आहे. आधी तुला लिहिलं, कारण तुझ्यापासून लपवलं होतं.

— दादा


२५ जानेवारी १९७७

विनू,

हे पत्र रागिणीताईंच्या यजमानांच्या हाती देतोय. ते उद्या विमानानं मुंबईला येताहेत, आमच्याआधी पोचतील. आम्ही परवा अंबाल्याहून गाडीत बसतो. सोढींनी आपला एक डॉक्टर आणि ऑक्सिजनच्या दोन नळकांड्या बरोबर दिल्यात. विमानाच्या उंचीवर तिला न्यायची त्यांची तयारी नाही. गाड्या हल्ली वेळेवर धावतात, तेवढं एक बरं आहे.

तुझी तार त्याच आठवड्यात आली: "ताबडतोब आणा." मग काल पत्र आलं. मला वाटलं होतं शिव्या असतील. त्यांची तयारी करून बसलो होतो.

तू लिहिलंस की घाम तू दारातूनच पाहिला होतास. झारा ती उजव्या हातानं धरत होती आणि डावा मांडीवर पडून होता, तेही पाहिलंस. तुला कळलं होतं. तरी अपमान मोठा वाटला आणि तू निघालास, आणि परिषदेत जाऊन भाषण ऐकत बसलास. "दादा, पाच डिसेंबर वाचलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. माझ्यासमोर झालं नाही, मी गेल्यावर सात आठवड्यांनी झालं. एक्सरे बघून शंका आली होती. तरी ती तारीख मी सोडली नाही. तुझ्याइतकीच मलाही ती हवी होती."

हे मी वर्कशॉपमध्ये वाचलं. चार मोटारी चालू होत्या, त्यातली एक घरघरत होती आणि मला कुठली ते सांगता येईना. काय उत्तर लिहू? "तुझा दोष नाही" असं लिहिलं तर तू हसशील. तुझाही आहे. आपण दोघं शहाणे एका खोट्या तारखेच्या आडोशाला बसलो, आणि ती बाहेर.

सोढींना मी सतरालाच सगळं सांगितलं होतं. ते ओरडले नाहीत. पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. म्हणाले, "आपने मुझ से छह हफ़्ते ग़लत इलाज करवाया." मग म्हणाले, "चलिए."

काल मुंबईचे कागद भरायला ते तिच्या खाटेशी आले. केसपेपरवरची पाच डिसेंबर खोडलेली होती. सवयीनं त्यांनी माझ्याकडेच बघितलं, "तो, सत्रह अक्तूबर. टाइम?"

मी म्हणालो, "दोपहर... ग्यारह, बारह के..."

"सव्वा बारह," उशांमधून आवाज आला.

आम्ही दोघंही वळलो.

"सव्वा बारह," वहिनी म्हणाली. तिचं हिंदी तुला माहीत आहे, एकेक शब्द पाट्यावर ठेवल्यासारखा. "पहिले पीठ में. फिर हाथ में. एक बजे उलटी जैसा हुआ. अंदर जाके की, किसी को दिखाई नहीं. फिर लक्ष्मीपूजन के दिन, शाम को, आधा घंटा. फिर तीन नवंबर. फिर नौ. फिर सोलह, सीढ़ी पे, उस दिन आँख के सामने अंधेरा."

सोढी लिहीत होते. एक पान भरलं, उलटलं. मधेच थांबून म्हणाले, "बहनजी, आपको सब याद था? फिर बताया क्यों नहीं?"

"आपने इनको पूछा," ती म्हणाली. "मेरे को कब पूछा?"

मग माझ्याकडे वळून, मराठीत, धापा टाकत, "महिनाभर माझ्या अंगावरून तारखा इकडून तिकडे फेकताय तुम्ही लोक. पाच काय, वीस काय, दहा काय. मी म्हटलं, विचारतील कधीतरी. दुखतंय कुणाला ते तरी आठवेल."

मला एकोणतीस वर्षांच्या संसारात या बाईचा राग कधी ऐकू आला नव्हता. आला असेल, पण मी तो ऐकला नव्हता. काल ऐकला. त्यात जोर नव्हता, श्वासच नाही तर जोर कुठला.

तिनं सांगितलेली दोन पानं सोबत जोडली आहेत. सोढी म्हणाले, सर्जनला याचा उपयोग होईल. झटका एकच नव्हता बहुतेक, आणि व्रण किती जुना, कुठला भाग मागाहून गेला, हे त्या तारखांवरून तुम्ही ठरवाल. ऑपरेशनमध्ये किती धोका आहे, हे त्यांनी मला सांगायला तोंड उघडलं होतं. मी म्हणालो, तिला सांगा. त्यांनी तिला सांगितलं. शंभरातले पंचवीसतीस वाचत नाहीत. तिनं विचारलं, "और नहीं किया तो?" त्यांनी तेही सांगितलं. मग तिनं कागद मागितला आणि सही केली. पद्मिनी दिगंबर पोतदार, पूर्ण नाव, रेघेच्या बाहेर न जाता.

विनू, मी घाबरलोय. ती वाचली नाही तर मी काय करू, हे विचारायलाही माझ्याजवळ तुझ्याशिवाय माणूस नाही.

स्टेशनवर तू येशील तेव्हा मी पुढे होऊन बोलायला लागेन, प्रवास कसा झाला, कुठे दुखतंय, काय खाल्लं. तो माझा स्वभाव आहे. तू मला बाजूला कर आणि तिला विचार.

— दादा